मुलामा की मुरवण? : एका तांत्रिक शब्दयोजनेची चिकित्सा

अगंज पोलादाच्या प्लाझ्मा नायट्रायडिंगविषयी मराठीत सांगताना ‘कठीण थर चढवणे’, ‘लेप देणे’ असे शब्द सहज वापरले जातात. उर्दू ‘मुलम्मा’ आणि मराठी ‘मुलामा’ याच कल्पनेचे. दोहोंच्या अरबी मुळाचा अर्थ चमकणे. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप या कल्पनेवर आहे, कारण तिच्यामुळे प्रक्रियेचे मर्मच झाकले जाते.

प्रत्यक्षात काय घडते? निर्वात कक्षात नायट्रोजन व हायड्रोजन यांचे विरळ मिश्रण सोडतात आणि वस्तूला ऋणाग्र करतात. विद्युत्दाबाने वायू उजळतो. त्यातील आयन पृष्ठावर आदळून क्रोमियम ऑक्साइडचे संरक्षक पटल दूर करतात व नायट्रोजनचे अणू आत शिरतात. स्फटिकजालातील पोकळ्यांत ते बसले की जाल ताणले जाते आणि पृष्ठ कठीण होते. म्हणजे वर काही चढत नाही. कैरीच्या फोडीत मीठ मुरावे तसा नायट्रोजन पोलादात मुरतो.

‘लेप’ म्हटले की विद्यार्थ्याला वाटते, उष्णता वाढवावी, थर जाड होईल. तो होतोही. परंतु साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर क्रोमियमचे अणूही हालू लागतात, नायट्रोजनशी संयोग पावतात आणि गंज रोखणारे क्रोमियम नायट्राइडमध्ये खर्ची पडते. पोलाद कठीण होते, पण अगंज राहत नाही. बर्मिंगहॅमच्या झांग व बेल यांनी १९८५ साली दाखवले की तापमान याहून कमी ठेवल्यास कठीणपणा मिळूनही गंजरोध टिकतो.

या थराला ‘एस-फेज’ असेही म्हणतात. पण त्यातून काहीच उमगत नाही. ‘विस्तारित ऑस्टेनाइट’ हे नाव निदान घडलेली गोष्ट सांगते.

‘मुरवण’ हा शब्दही निर्दोष नाही. मीठ फोडीच्या गाभ्यापर्यंत पोहोचते. येथे नायट्रोजन बहुधा ५ ते २० मायक्रोमीटरच जातो. पृष्ठाचा कठीणपणा सुमारे २०० विकर्सवरून १००० च्या पुढे गेला, तरी गाभा मऊच राहतो आणि जड भाराखाली वरचा थर खचू शकतो. ही मर्यादा वर्गात सांगावीच लागेल.

तरीही दोहोंत ‘मुरवण’ श्रेयस्कर. मुलाम्यात प्रश्न एवढाच असतो की वर किती चढले. मुरवणीत आच किती आणि वेळ किती, हे विचारावेच लागते. विज्ञानाच्या व भाषेच्या अध्यापकांनी परिभाषा एकत्र बसून पारखावी, ती यासाठीच.