चित्र खरे, मजकूर खोटा

कॅनडातील वुड बफेलो राष्ट्रीय उद्यान. खोल बर्फातून एका रांगेत चाललेले २५ लांडगे. चॅडन हंटर यांचे हे छायाचित्र बीबीसीच्या 'फ्रोझन प्लॅनेट' (२०११) मालिकेच्या वेळचे. २०१५ मध्ये त्याला एक बोधकथा चिकटली : पुढे म्हातारे-आजारी, सर्वांत मागे नेता. तेथे जाऊन पाहणाऱ्यांची मूळ नोंद वेगळेच सांगते. पुढची प्रमुख मादी बर्फ तुडवत वाट काढते. मागच्यांची शक्ती वाचते.

छायाचित्र आम्हाला उत्तम वाटते, कारण त्यात एका लांडग्याचा चेहरा नसून कळपाचे वर्तन आहे. पण एका क्षणाच्या चित्रावरून वय वा आजार कसा कळणार? वर्गात ते दाखवताना आधी मजकूर झाकावा. 'काय दिसते?' आणि 'हे कशावरून?' हे दोन प्रश्न मुलांना विचारावेत.