‘शाप की वरदान’ : एक अपुरा प्रश्न

‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध आपल्या शाळांतून पिढ्यानपिढ्या लिहिला जात आहे. त्याचा साचाही ठरलेला आहे. आधी वीज, रेल्वे, लसी. मग हिरोशिमा आणि भोपाळ. शेवटी सुरीचा दृष्टांत. सुरीने भाजीही चिरता येते आणि गळाही, तेव्हा सारे वापरणाऱ्यावर अवलंबून, असा निष्कर्ष काढला की गुण मिळतात. आमचा आक्षेप या निष्कर्षालाच आहे. तो खोटा नाही. पण हा ‘वापरणारा’ कोण, हे न विचारताच तो थांबतो.

जवळचे उदाहरण घेऊ. गर्भाभोवतीच्या पाण्याचा नमुना घेऊन त्यातील पेशींची गुणसूत्रे तपासली, की गर्भातील काही आनुवंशिक दोष समजतात. हीच गर्भजल परीक्षा. गुणसूत्रांवरून गर्भ मुलाचा की मुलीचा हेही कळते. १९७०च्या दशकात ही परीक्षा भारतात आली आणि लवकरच मुलगी टाळण्यासाठी सर्रास वापरली जाऊ लागली. मुलाच्या आशेने होणारी बाळंतपणे थांबतील, लोकसंख्या आटोक्यात येईल, असे समर्थन काही डॉक्टरांनीच केले. म्हणजे प्रयोगशाळेतली माणसेही मूल्यांपासून अलिप्त नव्हती. पुढे सोनोग्राफी आली आणि सुई टोचण्याचीही गरज उरली नाही.

येथे ‘वापरणारा’ कोण? टेबलावर झोपलेली स्त्री? पुष्कळदा निर्णय तिचा नसतोच. मुलगा हवा म्हणणारे घर, हुंड्याची प्रथा, फी घेणारा डॉक्टर, यंत्र विकणारी कंपनी, डोळेझाक करणारी यंत्रणा, या सर्वांचे हात त्या सुरीवर आहेत. शिवाय मुलाचा हव्यास जुना असला, तरी तो पुरा करण्याची सोपी, गुपचूप वाट या तंत्राने दिली. सुरीच्या दृष्टांतात ही गोष्ट बसत नाही.

परिणाम जनगणनेत दिसतो. निसर्गतः दर हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली जन्मतात. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हे प्रमाण १९९१ मध्ये ९४६ होते. २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाले.

समाज स्वस्थ बसला होता असेही नाही. मुंबईतील स्त्री-संघटना, डॉक्टर आणि इतर कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून २००० साली मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. कायदा होऊनही आकडे घसरत राहिले, यातच नुसत्या कायद्याची मर्यादा दिसते.

शाप आणि वरदान ही देवादिकांची देणी. माणसाने ती निमूट स्वीकारायची असतात. तंत्रज्ञान तसे नसते. ते कोणीतरी आणते, विकते, विकत घेते आणि कोणीतरी रोखूही शकते. म्हणून शिक्षकांना आमची सूचना अशी : पुढच्या वेळी नववी-दहावीच्या वर्गात निबंधाऐवजी वरचे तीन आकडे फळ्यावर लिहावेत आणि विचारावे, या मुली कमी होण्यात कोणाकोणाचा हात होता, आणि त्यांतला प्रत्येक जण कोणत्या क्षणी ‘नाही’ म्हणू शकला असता?