बंदी कशावर आणि कोणाच्या मते? : स्पर्धात्मक व्हिडिओ गेममधील निर्बंधांची चिकित्सा

प्रस्तावना :

खेळ नियमांवर उभा असतो, हे विधान सर्वमान्य आहे. नियम कोणी करावेत, या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक खेळात सारखे नसते. क्रिकेट, बुद्धिबळ यांसारख्या खेळांना नियामक संस्था आहेत. व्हिडिओ गेमचे नियम यंत्रातच कोरलेले असतात. जे यंत्र होऊ देते ते वैध, अशी सर्वसाधारण धारणा त्यामुळे रूढ झालेली दिसते. तथापि, स्पर्धा खेळणाऱ्या समुदायांनी ही धारणा जशीच्या तशी कधीच स्वीकारली नाही. कंपनीने विकलेल्या खेळातून काही पात्रे, काही चाली, तर कधी दोन गुणांचा एकत्र वापर त्यांनी स्वतःहून वगळला आहे.

आपल्याकडे 'गेमवर बंदी' म्हटले की सप्टेंबर २०२० मधील पब्जी मोबाइलवरील शासकीय बंदी आठवते. प्रस्तुत लेखाचा विषय तो नव्हे. खेळ टिकावा म्हणून खेळणाऱ्यांनीच त्यातील एखाद्या अतिप्रबळ घटकावर घातलेली बंदी येथे अभिप्रेत आहे. अशा बंदीची सर्वाधिक चर्चिली गेलेली मीमांसा अमेरिकन खेळाडू व गेमरचनाकार डेव्हिड सर्लिन यांच्या 'प्लेइंग टू विन' (२००६) या पुस्तकात आढळते. त्यांचे निकष प्रत्यक्ष व्यवहारात कितपत टिकतात, याचा विचार पुढे केला आहे.

सर्लिन यांचे तीन निकष :

सर्लिन यांची मूळ भूमिका कठोर आहे. खेळात नसलेले नियम मनाने कल्पून त्यांच्या आधारे प्रतिस्पर्ध्याला दोष देणाऱ्या खेळाडूला ते 'स्क्रब' म्हणतात. हरल्यावर समोरच्याचा तो 'रडीचा डाव' ठरवण्याची अंगणातील सवय मराठी वाचकाला नवी नाही. एकच ठोसा वारंवार मारणे, कोपऱ्यात अडवून ठेवणे, दुरूनच मारा करीत राहणे हे सर्व सर्लिन यांच्या मते रास्तच होय. त्यावर उतारा शोधण्यातच खेळाडूची वाढ आहे, असे ते मानतात.

असे असूनही बंदीला ते पूर्णतः नकार देत नाहीत. बंदी अमलात आणता आली पाहिजे, बंदी घातलेली गोष्ट इतरांपासून स्पष्टपणे वेगळी काढता आली पाहिजे आणि बंदीला पुरेसे कारण पाहिजे, असे तीन निकष ते सांगतात. त्यांचे आदर्श उदाहरण 'सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो' (१९९४) या खेळातील अकुमा या गुप्त पात्राचे आहे. हवेतून तिरपा अग्निगोल फेकण्याची त्याची चाल थोपवण्याची सोयच इतर पात्रांच्या रचनेत नव्हती. पात्र एकच असल्यामुळे ते निवडले की नाही हे पंचाला लगेच दिसते, आणि ते खेळू दिल्यास दुसरे कोणते पात्र निवडण्यात अर्थ उरत नाही. तिन्ही निकष येथे चपखल लागू पडतात.

मात्र आदर्श उदाहरणावरून काढलेले निकष बहुधा त्या उदाहरणापुरतेच नेमके ठरतात. पुढे याच खेळाच्या 'एचडी रीमिक्स' (२००८) या आवृत्तीची फेररचना सर्लिन यांच्याकडे आली. अकुमाला स्पर्धेत बसेल असे रूप देण्याचा त्यांचा प्रयत्न होता, तरीही स्पर्धांमध्ये त्याच्यावर पुन्हा बंदी आली. अतिप्रबळ काय, हे ओळखण्याचे शास्त्र ज्यांनी मांडले, त्यांनाही ते आधी ओळखता आले नाही. हा त्यांचा दोष नव्हे. हजारो खेळाडूंनी महिनोन्‌महिने खेळल्याविना एखाद्या घटकाचे खरे बळ कळत नाही, एवढेच त्यातून दिसून येते.

मूक बंदीचा पेच :

त्याच खेळातील 'जुना सगात' या पात्राचे उदाहरण सर्लिन यांनीच दिले आहे. हे पात्र बलवान होते, पण अकुमासारखे सर्वनाशी नव्हते. अमेरिकेत ते चालत असे. जपानमध्येही त्यावर लिखित बंदी नव्हती, परंतु अव्वल खेळाडूंनी ते न खेळण्याचा अलिखित संकेत पाळला. ही मूक बंदी पहिल्याच निकषाला छेद देते. तिला पंच नाही, शिक्षा नाही, तरीही ती चालली. आर्केडमध्ये रोज समोरासमोर खेळणाऱ्यांच्या मंडळात नावाची लाज हीच अंमलबजावणी असते, असे म्हणता येईल.

भारतीय वाचकाला याचे जवळचे उदाहरण विनू मांकड यांचे आहे. १९४७ मध्ये सिडनी येथे त्यांनी चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राउन यांना नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावचीत केले. नियम त्यांच्या बाजूने होता, संकेत नव्हता. नियमांच्या पुस्तकात ही कृती 'अनुचित खेळा'च्या कलमातून काढून धावचीतच्या कलमात न्यायला २०२२ साल उजाडावे लागले. मूक बंदी किती चिवट असते आणि ती मोडणाऱ्याच्या नावाला किती काळ चिकटते, हे यावरून ध्यानात यावे.

मेटा नाइट : अधिकाराविना बंदी

निन्टेन्डोच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल' (२००८) मधील मेटा नाइटचे प्रकरण या दृष्टीने सर्वाधिक बोधप्रद होय. हे पात्र चपळ होते, त्याचे वार झटपट होते, आणि ज्याच्यासमोर ते निश्चितपणे कमी पडेल असे दुसरे पात्र समुदायाला सापडत नव्हते. आज कंपन्या खेळात वरचेवर दुरुस्त्या पाठवतात. ब्रॉल खेळाडूंच्या हाती पडले ते कायमचेच. दुरुस्ती करायची तर ती नियमपत्रिकेतच करणे भाग होते.

समुदायाने एकदम टोकाचा उपाय योजला नाही, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. प्रथम त्या पात्राच्या एका विशिष्ट तंत्रावर बंदी आली. त्या तंत्राने मेटा नाइट अनिश्चित काळ अदृश्य व अभेद्य राहू शकत असे. मग व्यासपीठाच्या कडेला लटकत वेळ काढण्याची चाल पुढे आली, तेव्हा एका सामन्यात कडा किती वेळा धरता येईल याची मर्यादा ठरवण्यात आली. येथे सर्लिन यांचा दुसरा निकष अडचणीत येतो. कडा धरणे हा खेळाचा नित्य भाग आहे. कितव्या वेळी तो वेळकाढूपणा होतो? कोणताही आकडा ठरवला तरी तो मानलेलाच असणार. शेवटी २०११ मध्ये 'युनिटी' या सामायिक नियमावलीच्या समितीने जानेवारी २०१२ पासून हे पात्रच वगळण्याचा निर्णय घेतला.

आणि त्याच जानेवारीत न्यू जर्सी येथे झालेल्या 'एपेक्स २०१२' या मोठ्या स्पर्धेने मेटा नाइटला परवानगी दिली. विजेता ठरलेला जपानी खेळाडू मेटा नाइटच खेळत होता. पुढे ती समिती विसर्जित झाली आणि बंदीही विरली. पात्र ओळखणे पंचाला अवघड नव्हते. तांत्रिकदृष्ट्या बंदी अमलात आणण्यासारखीच होती. कमी होता तो अधिकार. आयोजकाने नियमावली मानलीच पाहिजे असे कोणतेही बंधन नव्हते, आणि लांबून येणाऱ्या खेळाडूंना त्यांचे पात्र नाकारणे कोणत्याही आयोजकाला जड जाणारच. 'अमलात आणता येणे' या शब्दांत सर्लिन यांनी पंचाच्या नजरेचा विचार केला. आयोजकाच्या गरजेचा विचार त्यात पुरेसा दिसत नाही.

प्रेक्षकाचा कंटाळा :

तिसरा निकष, म्हणजे पुरेसे कारण असणे, हा वरवर बळाच्या मोजमापाचा वाटतो. प्रत्यक्षात तो रुचीचा आहे. याचा पुरावा 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले' (२००१) या खेळातील 'वॉबलिंग' तंत्रात मिळतो. आइस क्लाइंबर्स ही जोडी प्रतिस्पर्ध्याला एकदा धरले की ठराविक तालात ठोसे देत त्याला सुटूच देत नाही. ही जोडी स्पर्धांवर राज्य करीत होती असे म्हणता येत नाही. फॉक्ससारखी पात्रे तिच्यापेक्षा कितीतरी अधिक जिंकत. तरीही २०१९ च्या सुमारास अनेक मोठ्या स्पर्धांनी वॉबलिंगवर बंदी घातली. कारण उघड होते. एक खेळाडू बटणे दाबतो, दुसरा हात सोडून बसतो आणि प्रेक्षक आकडा वाढताना पाहत राहतात. बळापेक्षा कंटाळा निर्णायक ठरला.

या बंदीला दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो रुचीच्या निर्णयाला मोजमापाचे वस्त्र पांघरण्यात. उलट बाजूचे उदाहरणही आहे. 'ईव्हो २०१८' मध्ये स्मॅशच्या चौथ्या आवृत्तीचा अंतिम सामना दोन बेयोनेटांमध्ये झाला आणि प्रेक्षागृहातून निषेधाचे आवाज उठले. त्या पात्रावर मात्र सर्वत्र बंदी कधीच आली नाही. म्हणजे कंटाळाही एकटा पुरत नाही. त्या त्या वेळी, त्या त्या मंडळात कोणाचा शब्द चालतो यावर बरेच अवलंबून राहते.

स्मोगॉन : मताधिकार कमवावा लागतो

हा 'कोणाचा शब्द' निश्चित करण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न पोकेमॉन खेळणाऱ्या स्मोगॉन या समुदायाने (स्थापना २००४) केला. एखादा पोकेमॉन अतिप्रबळ वाटला की त्याला 'संशयित' ठरवून चाचणी घेतली जाते. मतदान करायचे असेल तर चाचणीच्या काळात त्या संशयितासह वा त्याच्याविरुद्ध खेळून ठराविक गुणांकन गाठावे लागते. बंदीसाठी साधे बहुमत पुरत नाही. साधारणतः ६० टक्के मते लागतात. हरलेल्याची तक्रार आणि जाणत्याचे मत यांत फरक करण्याची ही युक्ती सर्लिन यांच्या 'स्क्रब'विषयक आक्षेपाला दिलेले उत्तरच म्हणावे लागेल.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. मतदार हेच स्पर्धकही असतात. ज्याचा संघ संशयितावर उभा आहे तो आणि ज्याचा संघ त्यामुळे कोसळतो तो, असे दोघेही न्यायासनावर बसतात. शिवाय काही वेळा परिषद मतदानाविना थेट बंदी घालते. निर्णयामागील रुचीही लपत नाही. २०११ मध्ये पाऊस पाडणारा 'ड्रिझल' आणि पावसात वेग दुप्पट करणारा 'स्विफ्ट स्विम' हे दोन गुण एकाच संघात ठेवण्यावर बंदी आली. ड्रिझल स्वतंत्रपणे चालू राहिले, स्विफ्ट स्विमही राहिले. नेमकेपणाच्या कसोटीवर ही बंदी उतरते. पण तीच का, ड्रिझललाच का वगळले नाही, याचे उत्तर बळाच्या हिशेबात मिळत नाही. पावसावर बेतलेली खेळशैली जिवंत राहावी असे अनेकांना वाटत होते. याउलट २०१९ मध्ये डायनामॅक्स ही नव्या खेळाची मुख्य आकर्षण ठरलेली यंत्रणा खेळ बाजारात आल्यानंतर काही आठवड्यांतच प्रमुख गटातून वगळण्यात आली. कंपनीने ज्यासाठी खेळ विकला, तेच समुदायाने बाजूला ठेवले.

स्मोगॉनचे खरे वेगळेपण मात्र मतदानात नसून वर्गवारीत आहे. तेथे बंदी झालेला पोकेमॉन खेळातून जात नाही, तो वरच्या 'उबर' गटात जातो. २०१४ मध्ये मेगा रेक्वाझा आला, तेव्हा उबरमधील इतर सारे त्याच्यापुढे निष्प्रभ झाले. तेव्हा उबरमधूनही तो वगळला गेला आणि त्याच्यासाठी 'एनीथिंग गोज' नावाचा नवा गट उघडण्यात आला. तेथे जवळजवळ काहीही चालते आणि ज्याला रेक्वाझाच खेळायचा आहे तो तेथे खेळतो. मेटा नाइटवर तीन-चार वर्षे हात बसवलेल्या खेळाडूला २०१२ च्या त्या जानेवारीत असा दुसरा गट उपलब्ध नव्हता. त्याच्यापुढे पात्र बदलणे किंवा बंदी न मानणारी स्पर्धा शोधणे, हे दोनच मार्ग होते.