टायरच्या कडेवरची एक ओळ

नव्या टायरच्या काळ्या कडेवर उठावदार आकड्यांची एक ओळ असते : १४.९-२८. ट्रॅक्टरची मागची १३.६-२८ ची जोडी काढून ही रुंद जोडी बसवून घेणारे शेतकरी वाशीम जिल्ह्यात भेटतात. त्यांच्यासोबत दुकानापुढे उभा राहिलो की ही ओळ कवितेसारखी एकेक अक्षर लावून वाचावीशी वाटते.

१४.९ ही टायरची रुंदी, इंचात. २८ हा रिमचा व्यास. मधली आडवी रेघही अर्थाची आहे. टायरच्या आतले धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे टाकलेत, हे ती सांगते; तिच्या जागी 'आर' असता तर टायर रेडियल. जुन्या जोडीपेक्षा वाढली ती रुंदी, सव्वा इंचाहून थोडी जास्त. दोन बोटं म्हणा. या दोन बोटांचं मोल कळायला आषाढातलं इथलं काळं वावर पाहिलेलं असावं लागतं. ही माती पाणी प्यायली की फुगते, पायाला गोळे धरते. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरची सगळी ओढ मागच्या चाकांवर. चाक जागीच फिरलं की डिझेल जळतं आणि खाली चर पडतो. रुंद टायर तेच वजन जास्त मातीवर पसरतो, कमी रुततो.

मला सगळ्यांत देखणे वाटतात ते टायरवरचे तिरके रबरी दांडे. त्यांचं मधलं टोक आधी टेकतं, मग बाजू टेकत जाते आणि चिखल मधून कडेला सरकत बाहेर पडतो. टायर उलटा बसवला तर तोच चिखल खाचांत ठासून राहतो.

ओळीत न लिहिलेलंही वाचावं लागतं. नवा टायर थोडा उंच असतो. एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो आणि तेवढी ओढ घटते. मडगार्डची फट, रिमची रुंदी मोजावी लागते. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या चाकांशी जुळलेलं गणितच बिघडतं. सोयाबीनच्या दोन ओळींमध्ये ४५ सेंटीमीटर अंतर धरलं, तर हा टायर जवळपास ३८ व्यापतो. उभ्या पिकात डवऱ्याची बैलजोडीच बरी.

आणखी एक. वरच्या थरावरचा दाब रुंद टायरने, कमी हवेने हलका होतो. खोलवरची माती मात्र अ‍ॅक्सलवर येणाऱ्या एकूण वजनाने दबते, तिथे रुंदी फारशी कामाला येत नाही. म्हणून जाणता माणूस नवी जोडी बसवूनही धुऱ्यावर थांबतो. मूठभर माती उचलतो, दाबतो, बोटाने टोचतो. गोळा फुटत नाही, बोटाला चिकटून येतो. वाफसा नाही. हात धोतराला पुसत तो परत फिरतो. ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला उभा, टायरवरचे रबराचे बारीक केस अजून तसेच.