'पंच परमेश्वर' : खालाचा कागद आणि जुम्मनची जबान

मुन्शी प्रेमचंदांची 'पंच परमेश्वर' ही कथा 1916 साली प्रसिद्ध झाली. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला ती नवी नाही. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी यांची दोस्ती, हिंदू-मुस्लिम एकोपा आणि पंचाच्या आसनाचा महिमा, एवढे तीन मुद्दे फळ्यावर लिहिले की आमचे काम संपते. मीही वर्षानुवर्षे ती अशीच सांगत आलो. परंतु आता वाटते की, या कथेच्या मुळाशी स्वार्थासाठी जाणूनबुजून बोललेले एक खोटे आहे, आणि त्याने गावाच्या भरवशाला लागलेली वाळवी प्रेमचंदांनी टप्प्याटप्प्याने दाखविली आहे.

कथेची सुरुवातच विश्वासाने होते. जुम्मन हजला जातो तेव्हा घर अलगूच्या हवाली करून जातो. अलगू बाहेरगावी गेला की त्याचे घर जुम्मन पाहतो. याच जुम्मनला एक म्हातारी खाला आहे. तिच्या नावावर थोडी मिळकत आहे, जवळचे दुसरे कोणी नाही. जुम्मन मोठमोठी वचने देऊन ती मिळकत आपल्या नावे करून घेतो. हिबानाम्याची रजिस्ट्री होईपर्यंत हलवा-पुलाव चालतो. रजिस्ट्री झाली की भाकरीबरोबर जुम्मनच्या बायकोचे, करीमनचे, टोमणे सुरू होतात.

येथे एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. जुम्मन अडाणी नाही. त्याचे वडील जुमराती हे गावचे उस्ताद. त्याने लिहिलेल्या दस्तऐवजात कचेरीतल्या कारकुनालाही चूक काढता येत नाही, असा त्याचा लौकिक. म्हणजे खोटे बोलणारा माणूस शिकलेला, हज केलेला आणि प्रतिष्ठित आहे. पंचायतीपुढे त्याचा बचाव काय, तर हिबानाम्यात माहवार खर्चाचा उल्लेखच नाही. हे अक्षरशः खरे आहे! त्या कागदात एकही शब्द खोटा नसेल. खोटी आहे ती कागदामागची नियत. शिकलेल्या माणसाचे खोटे असे असते. ते पकडता येत नाही, कारण ते खऱ्या शब्दांत बोललेले असते.

हा व्यवहार हिब्याचा असावा, हेही अर्थपूर्ण आहे. हिबा तोंडीसुद्धा होतो. देणाऱ्याने जाहीर करावे, घेणाऱ्याने कबूल करावे आणि ताबा द्यावा, एवढे पुरते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये ही गोष्ट मान्य केली आहे. ज्या व्यवहाराला माणसाची जबान पुरेशी मानली गेली, त्याच व्यवहारात जुम्मन जबानीवरून उठतो आणि कागदाआड लपतो.

अलगू निकाल देतो : खालाला माहवार खर्च द्यावा, नाहीतर हिबानामा रद्द समजावा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्यात कलम 23 जवळजवळ हेच सांगते. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ नाकारला, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असे मानून रद्द करता येतो. मात्र अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले. जुम्मनचा मुद्दा आजही कोर्टात उभा आहे, तो असा.

एका खोट्याचे पुढे काय होते, ते कथेच्या उत्तरार्धात दिसते. अलगूचा बैल मरतो, तेव्हा त्याला जुम्मनने विष घातल्याचा संशय येतो. ज्याच्यावर घर सोपवून जायचे, त्याच्यावरच हा संशय! उरलेला बैल समझू साहू महिन्याच्या वायद्यावर घेतो, चारा-पाण्याविना राबवून मारतो आणि मग बैलच मरतुकडा दिला होता म्हणून पैसे बुडवू पाहतो. खालाच्या वेळी कागदाचा भरवसा गेला, अलगूच्या वेळी तोंडच्या वायद्याचा. गावाने मग व्यवहार करावा तरी कशाच्या जोरावर?

आता या कथेविषयीचा माझा आक्षेप. सरपंच झालेला जुम्मन अलगूच्या बाजूने निकाल देतो, जुम्मन अलगूच्या गळ्यात पडतो, अलगू रडतो आणि आपण जुम्मनला माफ करतो. पण या पंचायतीत जुम्मनचा स्वतःचा पैसा गुंतलेलाच नाही. येथे त्याच्या वैराची परीक्षा होते, हावेची होत नाही. हावेच्या परीक्षेत तो पहिल्या पंचायतीतच नापास झाला होता. त्याने खालाला खर्च दिला की नाही, हे प्रेमचंद सांगत नाहीत. कमरेत वाकलेली, काठी टेकत गावोगाव फिरलेली, अलगूच्या ईमानाला हात घालणारी ती म्हातारी निकालानंतर कथेतून नाहीशीच होते. दोस्तांचा समेट होतो. जिची फसवणूक झाली, तिच्या दारी कोणी जात नाही.

हा आक्षेप मला पुस्तकातून सुचलेला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घराण्यात वाटणीच्या वेळी हक्कसोडपत्र तयार झाले. शरीयतने फुफीचा हिस्सा ठरलेला होता. कागद मराठीत, फुफी फक्त उर्दू वाचणारी. समजावून सांगायचे काम माझ्याकडे आले, कारण मी बी.एड. झालेला. मी म्हणालो, "फुफी, नुसती सही आहे. तुमचं माहेर कुठं जातंय?" माहेर कुठे गेले नाही, हे खरेच. हिस्सा गेला, तो मी सांगितला नाही. आज ईदला शीरखुर्मा जातो-येतो, सलाम-दुआ आहे. मात्र पेन्शनचा कागद आला की फुफी तो शेजारच्या मुलाकडून वाचून घेते. माझ्याकडे आणत नाही.

आपल्या समाजात बहिणींकडून, फुफींकडून असे किती हिस्से 'माफ' करवून घेतले जातात, हे वाचकांना सांगायला नको. घरात इल्म आला याचा आपल्याला अभिमान वाटतो; त्या इल्मचा उपयोग कोणासमोर, कशासाठी झाला, हे विचारण्याची वेळ आली आहे.

यंदा धडा शिकवताना मी फळ्यावर चौथा मुद्दा लिहिणार आहे : खालाचे पुढे काय झाले? मुलांना तो विचारण्याआधी मला फुफीकडे जाऊन तो कागद पुन्हा वाचून दाखवायचा आहे, या वेळी पूर्ण.