विजेची गिटार: घडविणारा आणि मागणारा

वाद्य विकत घेणें निराळें आणि वाद्य घडवून घेणें निराळें. इंग्लंड-अमेरिकेंत एकेका गिऱ्हाइकाच्या मागणीवरून विजेची गिटार करून देणारे लहान कारागीर आज पुष्कळ आहेत. त्यांच्या वाद्यांची जी वाखाणणी वाचावयास मिळते, तींत बहुतेक मजकूर लाकडाचा असतो. मेपलच्या फळीवर वाघासारखे पट्टे आहेत, बोटें फिरण्याची पटरी शिसवीची आहे (ही शिसव पुष्कळदां आपल्या सह्याद्रींत वाढणाऱ्या जातीचीच असते), शिंपल्याचें जडावकाम आहे! या वर्णनास आमची हरकत नाहीं. परंतु त्यावर विसंबून वाद्य निवडणें हें पगडीवरून गवई पारखण्यासारखें आहे.

या गिटारचा आवाज पोकळ भोपळ्यांतून निघत नाहीं. पोलादी तार कांपते. तिच्याखालीं लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें, त्यांत वीज उत्पन्न होते, आणि तीच वाढवून कर्ण्यांतून ऐकूं येते. लाकडाचा वांटा यांत किती, याविषयीं जाणत्यांत कडाक्याचें भांडण आहे. वेटोळ्याचा वांटा मोठा, याविषयीं नाहीं. हातास मात्र मानेची जाडी आणि तारेची लांबी आधीं कळते. फेंडरच्या प्रसिद्ध वाद्यांत ही लांबी २५॥ इंच, गिब्सनच्या वाद्यांत सुमारें २४॥।. तीच तार त्याच सुरांत लावली, तर लांब वाद्यावर ती अधिक ताठ लागते. गिऱ्हाइकानें खरें भांडावें तें या पाऊण इंचासाठीं.

पुढें क्वीन या वाद्यवृंदांत नांवाजलेला ब्रायन मे यानें १९६३ सालीं, शाळकरी वयांत, वडिलांच्या मदतीनें घरींच आपली गिटार करावयास घेतली. चांगली विकत घेण्यास पैसे नव्हते. मान केली ती शेकोटीवरच्या जुन्या फळीची; तिला किडीनें पाडलेलीं भोंकें आगकाड्यांनीं बुजविलीं. पटरीवरच्या खुणांस शिंपल्याचीं गुंड्या-बटणें, आणि तारा सैल-ताठ करणाऱ्या दांड्यास मोटारसायकलच्या स्प्रिंगा! तरीहि हें गरिबीचें कौतुक नव्हे. कर्ण्यासमोर उभें राहिल्यावर वाद्यानें आपोआप गुंजत राहावें, हें त्या मुलास आधींच ठाऊक होतें, आणि त्यासाठीं त्यानें आंत पोकळी ठेवली.

उलट टोंक पाहावयाचें तर डग अर्विन यानें ग्रेटफुल डेडच्या जेरी गार्सिआसाठीं केलेली 'टायगर' पाहावी. सुमारें सहा वर्षांच्या कामानंतर ती १९७९ सालीं वादकाच्या हातीं आली. थरांवर थर दिलेलीं उंची लाकडें, पितळ, जडावाचा वाघ. वजन साडेतेरा पौंड. आमच्या चवीस हा थाट जड वाटतो. परंतु तिच्या पोटांतली विजेची रचना पाहिली कीं निंदा आवरती घ्यावी लागते. वादकानें आवाज लहान केला तरी स्वर पालटणाऱ्या यंत्रांकडे त्याची पुरी ताकद जावी, अशी ती केलेली आहे. ही गरज गार्सिआची होती, कारागिराच्या हौसेची नव्हे.

पुढें त्याच कारागिरानें त्याला 'रोझबड' नांवाचें हलकें वाद्य करून दिलें, आणि कांहीं वर्षें तेंच बहुधा त्याच्या हातीं असे. ९ जुलै १९९५ रोजीं शिकागो येथें झालेल्या अखेरच्या जलशांत त्यानें शेवटीं पुन्हां टायगर खांद्यावर घेतली.