पुढच्या तारखेचा चेक

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोनचा जो पहिला प्रयोग केला, त्याची फीत परवा पाहिली. नट उत्तम, संहिता चोख, टाळ्या वेळेवर! पण फोन तेव्हा अर्धाकच्चा होता, हे त्यांच्याच इंजिनियरांनी पुढे सांगितलं. करामती ठरल्या क्रमानंच दाखवायच्या, क्रम चुकला की गाडं अडलंच! रेंजच्या पाच रेघासुद्धा आधीच पक्क्या करून ठेवलेल्या. मी हसलो नाही. इन्स्पेक्शनला आम्हीही साहेबांपुढे जुळलेल्या व्हाउचरांचेच गठ्ठे आधी सरकवतो. थोडक्यात, तो पुढच्या तारखेचा चेक होता. २९ जूनला फोन दुकानात आला, चेक वटला. हल्ली असे चेक सगळेच फाडतात. खात्यात शिल्लक आहे का, हे मात्र गिऱ्हाइकानं बघायचं!